आत्यांची फुंकर

कुपवाडच्या एमआयडीसीत ज्या शेडमध्ये पूर्वी हळद पॉलिश व्हायची, त्या शेडमध्ये एके सकाळी एक लाल दिवा लागला आणि त्रिशला चौगुलेला तो खरा वाटेना.

लाल दिवा तिला नवा नव्हता. मिरजेच्या दवाखान्यांतून आजारी माणसांच्या श्वासाच्या पिशव्या यायच्या, त्या यंत्राला लावल्या की दिवा लाल व्हायचा आणि तो तसा व्हायलाच हवा होता. पण आज नळीत फुंकर मारली होती तिच्या सासूनं. राजमती आत्यांनी. सांगलीकडं सासूला आत्या म्हणतात, आणि या आत्या म्हणजे पासष्टीतही पाण्यानं भरलेली कळशी एका हातानं उचलणारं प्रकरण.

"झालं का गं? जाऊ मी? बस्तीत सगळ्या वाट बघत असतील," आत्या म्हणाल्या. बस्ती म्हणजे त्यांच्याकडचं जैन मंदिर. भाद्रपदातलं पर्युषण चालू होतं आणि आत्यांचा मुक्काम दिवसभर तिथंच असायचा.

त्रिशला दिव्यासमोर आडवी उभी राहिली. यंत्र अजून तापायचंय, तुम्ही व्हा पुढं, असं काहीतरी ती पुटपुटली. आत्या पदर सावरत गेल्या. कोपऱ्यात बसलेल्या निसार मुजावरनं मात्र दिवा पाहिला होता. तिच्याबरोबर इंजिनियरिंगला असलेला, कंपनीत निम्म्याचा भागीदार आणि एरवी तोंडाचा पट्टा थांबत नसलेला हा गडी खुर्चीला चिकटल्यासारखा बसून राहिला.

आता हे यंत्र काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही आणि धसकाही कळायचा नाही. गोष्ट फार लांबच्या काळातली नाही. एसटी बिनचालकाची झाली होती, पण वेळेवर यायला अजून शिकली नव्हती, एवढ्यावरून काय ते ओळखा.

आपण श्वास सोडतो तेव्हा नुसती हवा सोडत नाही. शरीरात आत जे जे शिजतं, जळतं, कुजतं त्याची बारीकशी वाफ त्यात मिसळलेली असते. शेजाऱ्यांकडं काय शिजतंय ते जिन्यातच कळतं ना, तसंच. फक्त ही वाफ इतकी थोडी असते की माणसाच्या नाकाला तिचा पत्ता लागत नाही. निसारनं नखाएवढी एक पट्टी बनवली होती. तिच्यावर निरनिराळ्या लेपांचे ठिपके, आणि प्रत्येक ठिपका एकेका प्रकारच्या वाफेला दाद देणारा. सगळ्या ठिपक्यांचं म्हणणं एकत्र करून निदान करायचं काम त्रिशलाच्या प्रोग्रॅमचं.

ते निदान होतं स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं. हा अवयव जठराच्या मागं दडून बसलेला. तिथली गाठ आधी काही बोलतच नाही, आणि बोलते तेव्हा बहुतेकदा वेळ गेलेली असते. त्रिशलाच्या वडिलांना ही गाठ दिवाळीत कळली आणि संक्रांत काही त्यांना दिसली नाही. पण गाठ गप्प असली तरी शरीराचा चरबी जाळायचा ढंग ती आतल्या आत बदलू लागते, आणि त्याची वाफ श्वासात उतरते. ती वाफ स्कॅनमध्ये काही दिसायच्या कितीतरी आधी हुंगायची, ही त्रिशलाची कल्पना.

कल्पनेला पैसे कोण देतो? बँक तारण मागायची. गुंतवणूकदार चहा पिऊन, नफा कधी ते विचारून निघून जायचे. शेवटी सरकारच्या एका निधीनं हात दिला. छोट्या कंपन्यांच्या अगदी कच्च्या, फसण्याची दाट शक्यता असलेल्या संशोधनासाठीच तो निधी होता. तिथल्या समितीच्या प्रमुख डॉ. नलावडे या बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "हे यंत्र खरं कसं ते मला दाखवू नका. ते खोटं ठरवायचं असेल तर काय करावं लागेल याचा विचार करा. ते सगळं करा आणि मग मला बोलवा." त्या आता येणार होत्या, पर्युषण संपल्यावर लगेच. त्यांना पटलं तर हजारो माणसांवर चाचणी आणि नाही पटलं तर शेडला कुलूप.

आणि आत्यांचं काय काम तिथं? तर आत्या म्हणजे या यंत्राचं माप होत्या.

झालं होतं असं, की सुरुवातीला यंत्राला निरोगी श्वास कसा असतो ते दाखवायचं होतं. निसारनं फुंकर मारली तर कांदाभजी. कारखान्यातला प्रत्येक जण चहा, तंबाखू, लसूण यांपैकी कशाचा तरी गुलाम. शेवटी त्रिशलानं सासूला आणलं. कांदा नाही, लसूण नाही, चहासुद्धा नाही, सूर्य मावळल्यावर घास नाही आणि दात घासायला कडुलिंबाची काडी. आत्यांच्या फुंकरीत पट्टीला कसलाही गोंधळ सापडेना. निसारनं तर त्यांना हातच जोडले. तेव्हापासून रोज सकाळी बस्तीत जाता जाता आत्या शेडवर यायच्या, ऐटीत फुंकर मारायच्या आणि ती फुंकर म्हणजे 'निरोगी' असं धरून निसार यंत्राचा काटा जुळवून घ्यायचा. आताशा काटा जरा जरा सरकतोय, पट्ट्या म्हाताऱ्या व्हायला लागल्यात, अशी त्याची कुरकुर असायची. पण आत्यांच्या फुंकरीवर काटा लावला की काम भागायचं.

समितीला मात्र हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. सासू म्हणजे काय प्रमाणित माप आहे का? प्रयोगशाळेतला ठराविक मिश्रणाचा गॅस सिलिंडर मागवा आणि त्याच्यावर काटा लावा, असा हुकूम आला. सिलिंडर काल पोचला होता. आज काटा त्याच्यावर लावला. आणि आत्यांना वाईट वाटू नये म्हणून, नेहमीसारखी एक फुंकर मारा, असं त्रिशलानं म्हटलं होतं.

लाल.

खरं सांगायचं तर त्या क्षणी त्रिशलाला भीती वाटली, पण भीतीच्या खालून दुसरंही काहीतरी सळसळत वर आलं. पकडलं की काय यंत्रानं? काही लक्षण नसलेल्या, हिंडत्याफिरत्या माणसात? याच क्षणासाठी तर ती इतकी वर्षं झिजली होती. आणि हे आपल्या मनात आलं याची तिला इतकी लाज वाटली की तिनं निसारकडं पाहिलंच नाही.

तिनं नवऱ्याला फोन लावला. भरतेश कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, त्याला फार समजवावं लागलं नाही. आईला आजच्या आज स्कॅनला न्यायचं म्हणून तो तास सोडून थेट बस्तीत गेला. अर्ध्या तासात त्याचा उलटा फोन आला आणि तो भयंकर चिडलेला होता. गेल्या वर्षी आत्यांना उपवासात घेरी आली होती, म्हणून यंदा त्यानं त्यांच्याकडून शब्द घेतला होता की फक्त एकाशन करायचं, म्हणजे दिवसातून एकदा तरी जेवायचं. बस्तीतच जेवते, असं आत्या रोज घरी सांगायच्या. बस्तीतल्या बायका भरतेशला कौतुकानं म्हणाल्या, तुमच्या आईच्या पोटात अन्नाचा कण नाही, सगळे उपवास नुसत्या उकळलेल्या पाण्यावर चाललेत बघा.

भरतेश तिकडं तडतडत होता आणि इकडं त्रिशला आनंदानं उड्या मारायची बाकी राहिली होती. उपवास! पोटात अन्न नसलं की शरीर चरबी जाळायला काढतं, आणि चरबीची वाफ श्वासात येते. आत्यांना काहीही झालेलं नव्हतं. निसारनं कपाळावर हात मारून घेतला. रोजे ठेवणारा माणूस मी, मला कसं सुचलं नाही, म्हणाला. दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळ्या दिल्या.

टाळ्या देऊन झाल्या आणि दोघंही हळूहळू खाली बसले. कारण मग यंत्राला काय अर्थ राहिला? इथं सोमवार आहे, गुरुवार आहे, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, रोजे. या देशात रोज कुणाचा ना कुणाचा उपवास असतोच. उपवास आणि कॅन्सर यांतला फरक ज्याला कळत नाही ते यंत्र गावोगाव फिरवून करायचं काय, नुसती घबराट? डॉ. नलावडेंना यंत्र खोटं ठरवायला दोन मिनिटं पुरली असती.

आत्या बऱ्या असतील तर यंत्र बाद. यंत्र खरं असेल तर आत्या... त्रिशलानं तो विचार तिथंच दाबला. तिला आत्या हव्या होत्या. यंत्राचं काय व्हायचं ते होऊ दे.

पण माणसाचं डोकं काही गप्प बसत नाही. कुपवाडहून घरी जाताना तिच्या मनात आलं, अरे, गावात एवढ्या बायका उपवास करून एका छपराखाली बसल्यात. कुणाचा पहिला उपवास, कुणाचा पाचवा, कुणी एकाशन करतंय. असा प्रयोग मांडायचा म्हटलं तर जगातल्या कुठल्या प्रयोगशाळेला साधलं असतं? नसलेला आजार आणि असलेला उपवास, दोन्ही एका जागी. यंत्राला उपवास शिकवायचा असेल तर ही शाळा आपणहून भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निसारनं मिरजेच्या वैद्यकीय नीतिसमितीकडून वाढीव परवानगी काढली आणि दुपारी यंत्र बस्तीच्या सभामंडपात आलं. बायकांना राजी करायचं काम आत्यांनी अंगावर घेतलं. घरी बिंग फुटल्यामुळं त्या कालपासून जरा नरमल्या होत्या, आणि सुनेच्या उपयोगी पडायची ही संधी त्यांनी सोडली नाही. एका आजींनी शंका काढली की उपवासात तोंडाला नळी लावलेली चालेल का. आत्यांनी त्यांना स्वच्छ सांगितलं, "घ्यायचं काही नाही गं, द्यायचंय. आपला श्वास द्यायचा. हे दानच की." आणि पहिली फुंकर स्वतः मारून दाखवली, खांदे न उचलता, पोटातून, शेवटपर्यंत. इतक्या महिन्यांची सवय.

मग जी मजा सुरू झाली ती विचारू नका. एकेक बाई पुढं यायची, फुंकर मारायची आणि दिवा लाल. पुन्हा लाल. परत लाल. सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की हे यंत्र विद्यार्थी आहे आणि आज ते चुकणार आहे, म्हणून बायका घाबरायच्या ऐवजी हसत होत्या. निसारला तर एकीनं विचारलं, एवढं शिकून मठ्ठच राहिलं का रे तुझं पोरगं? निसार घाम पुसत हो म्हणाला.

पण त्या सगळ्या लाल दिव्यांमध्ये त्रिशलाला काहीतरी दिसायला लागलं होतं. उपवासानं काही ठिपके वर चढत होते, पण सगळे मिळून, एकमेकांचा हात धरल्यासारखे. जितके उपवास जास्त तितके सगळे वर. दवाखान्यातल्या रुग्णांत मात्र हेच ठिपके चढत आणि शिवाय दोन ठिपके बाकीच्यांना सोडून आपल्याच तालात जात. मग उपवासाचा वाटा आधी वजा करायचा आणि राहिलेल्या दोघांकडं बघायचं! तिची बोटं भराभर चालू लागली. फसवणूक नको म्हणून तिनं नेम असा ठेवला, की जिचा श्वास तपासायचा तिला सोडून बाकीच्यांवरून यंत्रानं शिकायचं, आणि मग तिचा निकाल सांगायचा.

पहिली बाई हिरवी झाली. दुसरी हिरवी. तिसरी, चौथी. निसार उभा राहिला. भरतेशही कॉलेजातून येऊन मागं उभा होता. पाच उपवासवाल्या हिरव्या, आठवाल्या हिरव्या, शंका काढणाऱ्या आजीसुद्धा हिरव्या. मंडपात बायका टाळ्या वाजवू लागल्या. दवाखान्यातले जुने नमुने निसारनं परत चालवून पाहिले तर ते जसेच्या तसे लाल! यंत्राला फरक कळत होता. त्रिशलाला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. आयुष्यात इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

"माझं बघ की आता," आत्या म्हणाल्या. पहिली फुंकर मारूनही त्यांचा निकाल शेवटी ठेवला होता, मानाचा म्हणून.

लाल.

कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. गलका चालू होता. त्रिशलानं पट्टी बदलली. आत्यांकडून परत फुंकर घेतली. लाल. सिलिंडरवर काटा पुन्हा लावला. लाल. निसारनं गाडीतलं दुसरं यंत्र आणलं. लाल. त्रिशलानं प्रोग्रॅममध्ये चूक शोधली, मनापासून, एखादी तरी चूक सापडू दे म्हणून शोधली. यंत्र खोटं पाडायचा एवढा आटापिटा कुठल्याही समितीनं केला नसता.

निसार तिच्या शेजारी येऊन बसला. "मी रोज काटा मागं घेत होतो," तो म्हणाला. "उन्हाळ्यापासून. रोज थोडा, आणि रोज एकाच बाजूला. मला वाटायचं पट्टी म्हातारी होतेय. पण सिलिंडर लावला तर पट्टी जागच्या जागी आहे, त्रिशला. पट्टी सरकत नव्हती."

त्रिशलाला समजलं. सरकत होत्या आत्या. ज्यांना निरोगी धरून सगळं मोजत होते त्यांना मोजायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आत्यांना काही होणारच नाही, हे घरादारानं आणि कंपनीनं मिळून ठरवून टाकलं होतं. आणि उन्हाळ्यात तर उपवास नव्हते.

आता सांगायचं कसं? भरतेश पुढं येऊन आईजवळ उभा राहिला. त्रिशलानं आत्यांना मंडपाच्या खांबापाशी बसवलं आणि सरळ सांगितलं. कुठलं आजारपण, ते कशावरून, आणि हेही, की काल सकाळी दिवा लाल झाला तेव्हा क्षणभर मला आनंद झाला होता. ते सांगितल्याशिवाय तिला राहवेना.

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या वडलांचं झालं तेच का हे?"

"तेच. पण ते फार उशिरा कळलं होतं, आत्या."

"आणि माझं?"

"तुमचं इतकं लवकर आजवर कुणाचंच कळलं नसेल."

"मग रडतेस कशाला? ह्याच्यासाठीच करत होतीस ना सगळं?" आत्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. भीती त्यांनाही वाटत होती, आणि ती त्यांनी लपवली नाही.

संध्याकाळी मिरजेत स्कॅन झालं. स्वादुपिंडाच्या शेपटीकडं, मुद्दाम शोधली म्हणूनच दिसली अशी, ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. सर्जननं फिल्म उजेडाकडं धरून दोनदा पाहिली. मी अशा रुग्णांना बहुतेक वेळा फक्त धीर देतो, तो म्हणाला, इथं मला काम करता येईल. अख्खी निघेल.

अनंत चतुर्दशी झाली. आत्यांनी उपवास पुरे केले, त्यात भरतेशचंही काही चाललं नाही. पारण्याच्या सकाळी रिवाजाप्रमाणं त्यांना पहिला घोट घरच्यांनी द्यायचा होता. आत्यांनी वाटी सुनेच्या हातात दिली. त्रिशलानं मुगाचं पाणी त्यांच्या ओठाला लावलं आणि तशीच गाडीत बसून शेडवर गेली, कारण समिती येऊन पोचली होती.

डॉ. नलावडेंनी तोच जुना प्रश्न विचारला. यंत्र खोटं ठरवायला काय काय केलंत? त्रिशलानं सगळं सांगितलं. सासूला माप मानण्याची चूक, उपवासानं खाल्लेला मार, बस्तीतली दुपार, आणि शेवटची फुंकर. चूक तिनं आधी सांगितली, यश नंतर.

"मी सगळं करून पाहिलं, मॅडम," ती म्हणाली. "हे खोटं निघावं म्हणून मी देवाला नवससुद्धा बोलले असते. नाही निघालं."

डॉ. नलावडेंनी चष्मा काढला. त्यांनी हळूच विचारलं की शस्त्रक्रिया कधी आहे. पुढच्या निधीबद्दल त्या दिवशी कुणी शब्द काढला नाही. तो आला, यथावकाश, सरकारी चालीनं.

माघातल्या एका सकाळी शेडबाहेर रिक्षा थांबली. आत्या उतरल्या. अंगानं उतरल्या होत्या, चालताना पोटावर हात धरत होत्या, पण कडुलिंबाची काडी चावून आल्या होत्या. शेडमध्ये आता नवी माणसं होती, नव्या यंत्रांची रांग होती, आणि गावोगाव पाठवायच्या पेट्या भरल्या जात होत्या. निसारनं सवयीनं नळी पुढं केली आणि लगेच ओशाळला.

"आण इकडं," आत्या म्हणाल्या.

त्यांनी खांदे न उचलता, पोटातून, शेवटपर्यंत फुंकर मारली. सगळी शेड थांबली. त्रिशलाला दिव्याकडं बघवेना, म्हणून ती आत्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि हिरवा उजेड तिला आधी तिथंच, त्यांच्या गालावर दिसला.

निसारनं आनंदानं आरोळी ठोकली. आत्या, उद्यापासून पुन्हा रोज या, काटा तुमच्यावरच लावू, तो म्हणाला.

"नको रे बाबा," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला. "लई दिवस तुमचं माप होऊन बसले. आता जरा मलाबी मोजत जा."